काडतूस अडते कशामुळे? कार्यकारणभावाचा एक प्रश्न

जुन्या अर्धस्वयंचलित पिस्तुलात पुढचे काडतूस नळीत न जाणे, हा दोष कार्यकारणभावाचा विचार करणाऱ्याला फार उपयोगी पडतो. यंत्र लहान, भाग मोजके, सगळे डोळ्यांसमोर, तरीही ‘कशामुळे?’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही. जर्मन लष्कराने १९०८ मध्ये स्वीकारलेले लुगर पिस्तूल हे याचे ठळक उदाहरण. ह्यूगो बोर्खार्टच्या १८९३ च्या पिस्तुलातली रचना गेओर्ग लुगरने त्यात सुटसुटीत केली. गोळी सुटली की धक्क्याने नळी आणि टॉगल (नळी मागून बंद करणारा सांधेदार जोड) थोडे अंतर एकत्र मागे जातात. मग टॉगल गुडघ्यासारखा दुमडून वर उठतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, आणि टॉगल परत मिटताना आठ काडतुसांच्या मॅगझीनमधले सर्वांत वरचे काडतूस पुढे ढकलले जाते. टॉगलची ही ये-जा फार वेगाने होते. तेवढ्यात मॅगझीनच्या स्प्रिंगने काडतूस वर आणून ठेवलेले असावे लागते.

समजा, टॉगल मिटला आणि नळी रिकामीच राहिली. काडतुसातली दारू कमजोर असेल, तर टॉगल पुरता मागे जात नाही आणि त्याला पुढचे काडतूस उचलताच येत नाही. स्प्रिंग थकलेली असेल, तर टॉगल पुरता मागे जातो, पण काडतूस वर यायच्या आत त्याच्यावरून निघून जातो. दोन्हीकडे दिसणारे फळ एकच.

न्यायशास्त्राने कारण ओळखण्याची कसोटी अन्वय-व्यतिरेकाची सांगितली: ते असता कार्य होते, नसता होत नाही. त्यासोबत एक चाळणीही दिली. कार्याच्या आधी हजर असलेली प्रत्येक गोष्ट कारण नसते. माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव घटाचे कारण नव्हे, ते अन्यथासिद्ध. मुठीवरच्या फळ्या अक्रोडाच्या आहेत की दुसऱ्या लाकडाच्या, हेही तसेच अन्यथासिद्ध. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात मांडलेली भेदपद्धती याच वाटेने जाते: बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलायची. मॅगझीन बदलले आणि दोष गेला, तर कारण मॅगझीनमध्ये. मात्र एकाच कार्याची निरनिराळी कारणे असू शकतात, ही आपल्या पद्धतींपुढची अडचण मिलने स्वतःच नोंदवली आहे.

भारतीय परंपरेत हीच अडचण तृणारणिमणिन्यायाच्या नावाने चर्चिली गेली. अग्नी गवतापासून होतो, अरणीपासून होतो, सूर्यकांत मण्यापासूनही होतो. मग त्याचे नियत कारण कोणते? नैयायिकांचे उत्तर असे की हे अग्नी एकाच जातीचे नाहीत. कारण वेगळे तर कार्यातही वेगळेपण असतेच, ते बारकाईने पाहावे लागते. पिस्तुलाच्या बाबतीत हे उत्तर तंतोतंत लागू पडते. मॅगझीनमध्ये एकच काडतूस भरून ते झाडल्यावर टॉगल पुरता मागे जाऊन उघडाच राहिला, तर धक्का पुरेसा होता आणि संशय स्प्रिंगकडे वळतो. पुंगळी जेमतेम बाहेर पडत असेल, तर संशय दारूकडे जातो. ‘नळी रिकामी’ हे कार्याचे वर्णनच अपुरे होते. दोष शोधताना बहुतेक घोटाळे कारणाच्या अज्ञानापेक्षा कार्याच्या अशा ढोबळ वर्णनातून होतात.

काही वेळा सर्व भाग ठीक दिसत असूनही काडतूस अडते. सूर्यकांताहून वेगळ्या एका मण्याच्या सान्निध्यात अग्नी जाळत नाही, या जुन्या दृष्टांतावरून मीमांसकांनी अग्नीत एक अदृश्य शक्ती मानली, जी मण्यामुळे रोखली जाते. नैयायिकांनी ती नाकारली आणि प्रतिबंधकाचा अभाव हाही कारणांत मोजला. जुने पिस्तूल ‘लहरी’ आहे असे म्हणणे ही त्या अदृश्य शक्तीचीच भाषा होय. मॅगझीनचे किंचित वाकलेले ओठ किंवा चेंबरात घट्ट झालेले जुने तेल शोधणारा माणूस नैयायिकांच्या बाजूचा असतो, आणि ती बाजू अधिक सशक्त आहे. तिच्यात तपासण्याजोगे काहीतरी हाती लागते.

कार्य घडते ते पूर्ण सामग्रीतून. जयंतभट्टाने ‘न्यायमंजरी’त ज्ञानाच्या साधनाचा विचार करताना सामग्रीलाच करण मानले, एखाद्या सुट्या घटकाला नव्हे. स्प्रिंग, दारू, मॅगझीनचे ओठ, काडतूस नळीत नेणारा उतार यांतले प्रत्येक दुसऱ्याच्या मापातच कमी किंवा जास्त ठरते. तरीही दुरुस्त करणाऱ्याला एका घटकावर बोट ठेवावे लागते. तो कोणता, हे आर. जी. कॉलिंगवुडने १९४० मध्ये मांडलेल्या विचारातून उलगडते: व्यवहारात कारण म्हणून ती गोष्ट निवडली जाते, जी बदलणे आपल्या हाती असते. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी लुगरच्या लहान भागांवरही पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असतात. ते भाग घासले किंवा बदलले की ऐतिहासिक पुरावा कायमचा जातो. स्प्रिंग, मॅगझीन आणि काडतूस मात्र बदलून पुन्हा पूर्ववत करता येतात. म्हणून दोषाचे कारण आधी या तिघांतच शोधावे, आणि मूळ भागांना कानस लावू नये.