संकट माशांनी घेतले?

भातसा नदीकाठच्या खडवलीतल्या एखाद्या घरी टाकीतले मासे एका रात्रीत मेले, की सांत्वनाला येणारे हमखास म्हणतात, "घरावरचं संकट माशांनी आपल्यावर घेतलं." वास्तुशास्त्र आणि फेंगशुईच्या प्रसाराने ही समजूत घट्ट झाली आहे. ती ऐकून रडणारे मूल शांत होते, मोठ्यांची रुखरुख कमी होते. मग टाकी रिकामी होते, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला जातो आणि कल्याणहून नवे मासे येतात. बरेचदा तेही महिनाभरात मरतात.

सांत्वन वाईट नाही. पण या समजुतीमुळे चौकशीच थांबते, हे वाईट. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कार्यकारणभावाचा आग्रह आयुष्यभर धरत राहिले, तो बोटभर गोल्डफिशच्या मरणालाही लागू आहे. आपण पाळलेला जीव का मेला, हे शोधणे हा त्याला पाळण्याच्या जबाबदारीचाच भाग आहे.

मासे पाण्यावर जगतात, हे भातसाकाठच्या माणसांना वेगळे सांगायला नको. पहिल्या पावसात नवे पाणी आले की वलगणीचे मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. टाकीपुढे मात्र नजर माशांवरच खिळते. पाणी नितळ दिसले की ते चांगलेच आहे असे वाटते. पण त्यात विरघळलेल्या विषारी अमोनियाला रंग नसतो.

मासे हा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे सोडतात. उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक नायट्रेट. हे जिवाणू स्पंजात आणि खड्यांवर वसतात, आणि नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. क्लोरीनच्या पाण्याने सगळे एकदम धुतले, तर ही वस्ती उद्ध्वस्त होते. दुसऱ्या खेपेचे मासे बरेचदा आपल्या या स्वच्छतेनेच मरतात.

मायेनेही मरतात. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेक वर्षी आल्या आहेत. श्रद्धेने पाण्यात सोडलेले अन्न कुजते आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. घरच्या टाकीत चार माणसे चार वेळा चिमूटभर दाणे टाकतात, तेव्हा तेच लहान प्रमाणात घडते. त्यात मे महिन्याचा उकाडा. २० अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. अशा रात्री वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर पहाटेपर्यंत टाकीतले मासे गुदमरतात.

म्हणून मेलेले मासे दिसताच ते बाहेर काढावेत, हवेचा पंप चालू आहे ना ते पाहावे आणि बाकी काही हलवण्याआधी टाकीतले पाणी एका स्वच्छ बाटलीत भरून ठेवावे. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे संच माशांच्या दुकानांत मिळतात. मग आठवावे. आदल्या दिवशी पाणी बदलले होते का? खोलीत डासांचा फवारा मारला होता का? त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी असतात आणि पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. गुरामी मासा जगला आणि बाकीचे गेले, तर संशय प्राणवायूवर घ्यावा, कारण गुरामी पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो. कल्ले तपकिरी पडले असतील तर नायट्राइटवर.

उरलेल्या माशांसाठी पाव भाग पाणी बदलावे, तेही त्याच तापमानाचे आणि क्लोरीन काढलेले. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. निरोगी मोठे मासे तेवढ्या उपासाने मरत नाहीत. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा.

आणि एक कळकळीची विनंती. कंटाळून किंवा दया येऊन उरलेले मासे भातसेत सोडू नका. उजनी धरणात पसरलेला सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, शोभेच्या माशांच्या व्यापारातून इथे आलेला. आता तो तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतो.