देवाच्या घराची नक्षी

प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर नक्षी असावी किंवा नसावी, हा प्रश्न डहाणू व तलासरी येथील मंडळ्यांस क्षुल्लक नाहीं. जेथें लोक देवचौक सोडून ख्रिस्ताकडे आले, तेथें भिंतीवरील प्रत्येक रेघ संशयास पात्र होते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणें विचार व्हावा, असें आम्हांस वाटतें.

इंग्लंडांत हेरफर्डशायर परगण्यांत किल्पेक नांवाचें लहान खेडें आहे. तेथील मंदिर सुमारें ११४० सालीं तांबूस दगडांत बांधिलें गेलें. जाड भिंती, लहान खिडक्या व अर्धगोल कमानी, अशी त्याची रोमनेस्क पद्धति. दक्षिण दाराच्या माथ्यावर जीवनाचें झाड कोरिलें आहे व बाजूंस सर्प गुंफिले आहेत. छपराखालच्या दगडी टोड्यांवर कुत्रा, ससा, कोंकरूं अशा ८५ आकृति अद्याप शिल्लक आहेत. ज्या कुणब्यास अक्षर ठाऊक नाहीं, त्यासही त्या दारांत जीवन व मोह हीं दोन्ही शेजारीं शेजारीं दिसत.

परंतु त्याच शतकांत, सुमारें ११२५ सालीं, क्लेअरवो येथील मठाधिपति बर्नार्ड यांनीं मठांतील नक्षीचा कडक निषेध केला. चित्रविचित्र पशूंकडे पाहतांना भिक्षूंचें मन ग्रंथावरून उडतें, आणि दगडांस सोनें चढत असतां गरीब उघडा राहतो, ही त्यांची तक्रार होती. ती आजही खरी आहे. ज्या मंडळींतील विधवेच्या घरीं तांदूळ नाहीं, त्या मंडळीनें शहरांतून रंगीत कांच आणविणें यांत देवाचें गौरव नाहीं.

आपल्याच पालघर जिल्ह्यांत वसईचा किल्ला पाहा. १५३४ पासून १७३९ पर्यंत तो पोर्तुगीजांकडे होता. आज तेथील मंदिरांचीं छपरें गेलीं आहेत व कोरलेलीं दारें आकाशाखालीं उभीं आहेत. ख्रिस्ती लोक मात्र आसपासच्या गांवांत टिकले. मंडळी टिकते ती माणसांत.

मग हाताचें कौशल्य टाकून द्यावें काय? आमचें मत तसें नाहीं. निवासमंडपाच्या कामासाठीं देवानें बसालेलास कारागिरीची बुद्धि दिली, आणि शलमोनाच्या मंदिराच्या भिंतींवर खजुरीचीं झाडें व फुलें कोरिलीं होतीं. आमच्या वारली सवाशिणी गेरूनें सारविलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानें लग्नचौक लिहितात. त्या चौकांत पालघट देवीची पूजा असते, ती ख्रिस्ती घरानें सोडावी हें उचित. परंतु बोटांतील ती शुद्ध रेघ देवीनें दिलेली नव्हे. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांस याच कलेसाठीं २०११ सालीं पद्मश्री मिळाली. जगानें मानिलेला तो हात आपल्या मंदिराच्या दारांत कां थांबवावा? भाताची लावणी, ताडाचें झाड, जाळें टाकणारा कोळी, हरवलेलें मेंढरूं, हे विषय त्यास पुरेसे आहेत.

उपदेशक बंधूंनीं तीन गोष्टी विचाराव्या. या चित्रापुढें कोणी हात जोडील काय? यासाठीं कोणाच्या तोंडचा घास गेला काय? आणि हें आपल्याच बहिणीनें आनंदानें अर्पिलें आहे काय? पहिल्या दोहोंचें उत्तर नाहीं व तिसऱ्याचें होय असेल, तर भिंत सारवून तिच्या हातीं पीठ द्यावें.