ज्याला निवड आहे, जबाबदारी त्याची



अंगणातल्या लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. ती नागअळी. ती दिसली की घरात प्रश्न निघतो, औषध फवारायचं का? आणि मग अहिंसेचं काय?

आधी ह्या जीवाची ओळख करून घेऊ. त्याचा पतंग जेमतेम 2 मिलिमीटर लांब. 1856 साली स्टेंटन यांनी कलकत्त्याहून मिळालेल्या पतंगावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. मादी कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालते. अळी निघते ती थेट पानाच्या सालीखाली शिरते. तेच तिचं घर, तेच तिचं अन्न. शेवटी पानाची कड दुमडून ती कोष करते. अंड्यापासून पतंग होईपर्यंत हवेप्रमाणे 13 ते 52 दिवस लागतात. जून पानात तिला थारा नाही.

आता बघा. अळी निघून गेली तरी रेघ पानावर राहतेच. मोठं झाड एवढं सहज सोसतं. तरी आपण फवारतो, ते झाडासाठी की डोळ्यांना खुपतं म्हणून? वर त्या फवाऱ्यात ह्या अळीवरच वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही मरतात. म्हणजे झाडाचे राखणदार आपणच घालवतो.

पण रोप लहान असेल तर गोष्ट वेगळी. पोखरलेल्या पानांतून खैऱ्या रोगाचे जंतू शिरतात, रोप खुंटतं. ज्याचं घर बागेवर चालतं त्याला "सोसा" म्हणणं ही अहिंसा नव्हे. तो दुसऱ्याच्या खर्चाने केलेला धर्म झाला.

मग कसोटी काय? आम्हाला वाटतं, *गरज आणि चीड वेगळी ओळखणं.* अळीला निवड नाही. लिंबू-संत्र्याचं कोवळं पान सोडून ती जाणार कुठे? निवड आपल्याला आहे, म्हणून जबाबदारीही आपली. गरज असेल तर पोखरलेली पानं खुडा, निंबोळी अर्क वापरा. लागेल तिथे, लागेल तेवढंच. त्यातही जीव जातो, हे मात्र नाकारू नका. नाकारलं की हात सैल सुटतो.

आज मुलांना ते पान उजेडासमोर धरून दाखवा. आणि घरात सगळे मिळून विचारा, आपण दिवसभरात ज्याच्या-ज्याच्यावर हात उगारतो, शब्द उगारतो, त्यात गरज किती आणि चीड किती?

सद्गुरुचरणी नमन.