पंचमीची वाफ

बसा.

पाट असेल तर पाटावर, नसेल तर फरशीवरच. पाठ भिंतीला टेकू द्या. हात मोकळे सोडा.

सास्तूरच्या एका घरात आज श्रावण शुद्ध पंचमी आहे. बाहेर आभाळ भरलेलं आहे. रानात सोयाबीन वाढीला लागलं आहे आणि काळी माती पायाला सोडत नाही.

आत चुलीवर भगुनं आहे. भगुन्यात तळाशी पाणी. पाण्याच्या वर चाळणी. चाळणीत पुरणाची दिंडं.

वर झाकण.

तेवढंच पाहा.

आता हळूच नजर बाजूला न्या. भिंतीला टेकून तवा उभा आहे. रोज भाकरी भाजणारा तवा आज कोरडा, गार. विळीही मिटून ठेवली आहे. आज काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तव्यावर टाकायचं नाही. रानात नांगर नाही, कुळव नाही, खुरपंसुद्धा नाही. नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्लं सापडली, ती कहाणी आज घरोघर सांगतात. म्हणून एक दिवस माती तशीच राहू द्यायची.

तुमचे हातही तसेच राहू द्या.

श्वास घ्या. सोडा.

चाळणीत काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. मऊ भिजवलेल्या कणकेची पुरी. मधोमध हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, गुळानं गडद झालेलं, त्यात सुंठ आणि वेलदोडा. पुरीची एक बाजू आत घेतली. मग समोरची. मग उरलेल्या दोन. चौकोनी घडी झाली. बोटानं जरा दाबली आणि पालथी ठेवली.

चाळणीला तेलाचं बोट फिरवलं आहे. दोन घड्यांमध्ये जागा सोडली आहे, कारण कणीक फुगते.

ती जागाही पाहा. वाफ तिथूनच वर येणार आहे.

ऐका.

आधी काहीच ऐकू येत नाही. मग तळाशी बारीक किणकिण. मग एकसारखी गुणगुण. हे पठार समुद्रापासून उंचावर आहे, त्यामुळे इथं पाणी शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं. झाकणाच्या कडेनं एक पांढरी रेघ बाहेर येते, थरथरते, नाहीशी होते.

पुन्हा येते.

आत काय चाललं आहे, ते पाहता येत नाही. पण मनानं आत जाता येतं. या.

वाफ वर चढते. गार कणकेला टेकते. टेकली की ती वाफ राहत नाही, परत पाणी होते. आणि पाणी होताना अंगातली सगळी ऊब कणकेला देऊन टाकते. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना जवळजवळ ५४० कॅलरी उष्णता सुटते. तेच एक ग्रॅम पाणी साध्या गारव्यापासून उकळीपर्यंत न्यायला पंचाहत्तरेक कॅलरी पुरतात. म्हणून वाफेचा चटका इतका खोल लागतो, आणि म्हणून ही घडी कालथा न लावता, न उलटता, न ढवळता शिजते.

कुणी ढवळत नाही.

थेंब चाळणीतून खाली पडतो. पुन्हा तापतो. पुन्हा वर येतो.

त्याच्याबरोबर एकदा वर या. एकदा खाली जा.

समुद्र इथून फार लांब आहे. तिकडे कोकणात, खाडीकाठच्या घरात, तिसऱ्याही अशाच वाफेवर ठेवतात. शिंपला मिटून धरायला आतल्या जिवाला सतत जोर लावावा लागतो. त्याच्या सांध्याची ओढ मुळात उघडण्याकडेच असते. वाफ लागली की धरून ठेवणारा स्नायू सैल होतो आणि शिंपला उघडतो. दिंडाचं तसं नाही. दिंड मिटलेलंच राहतं. मिटलेलंच शिजतं.

तुमच्यातही काही मिटलेलं असेल. त्याला आत्ता उघडायला सांगू नका. नुसती ऊब लागू द्या.

श्वास घ्या.

सोडा.

आता लक्ष आणखी खाली न्या. भगुन्याखाली चूल. चुलीखाली जमीन. ज्या जमिनीवर तुम्ही बसला आहात, तिच्याखाली काळी माती, मातीखाली मुरूम, मुरुमाखाली काळा दगड. लाव्हारसाचे थर, एकावर एक, साडेसहा कोटी वर्षांहून जुने. शेजारच्या किल्लारीला भूगर्भ तपासायला खोल छिद्र पाडलं, तेव्हा हा काळा दगड ३३८ मीटरपर्यंत लागला. त्याच्याही खाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे.

तितकं खाली जा. सावकाश.

ही जमीन स्थिर आहे, असं सगळे समजत होते.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. दगड आणि मातीच्या रुंद भिंती, वर मातीनं जड झालेली माळवदं. ऊन बाहेर ठेवणारी तीच भिंत आणि तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं. हजारो माणसं गेली.

इथं थांबा.

काही बोलायचं नाही. काही अर्थ लावायचा नाही.

ज्यांचं कुणी गेलं, ते आजही याच मातीत पेरतात. याच मातीवर चूल मांडतात. घरं नवी आहेत, गावं नव्या जागी वसली, छपरं हलकी झाली. जमीन तीच आहे. आणि वर्षातून एक दिवस, या पंचमीला, तिच्यात कुणी लोखंड घालत नाही. ही रीत भूकंपाच्या फार आधीची आहे आणि महाराष्ट्रभर पाळतात, तरी सास्तूरमध्ये ती पाळताना मला तिचं वजन वेगळं वाटतं. जिनं एवढं घेतलं, तिलाच न दुखवण्याचा हा दिवस. रागाला इथं जागा होती. लोकांनी त्या जागी लाह्या ठेवल्या, दूध ठेवलं.

तळवा फरशीवर टेकवा.

गार लागते का? खाली काही हलतं आहे का, असं मनात येतं का? येऊ द्या. हात तसाच असू द्या.

श्वास घ्या. तो सोडताना तळव्यातला ताणही सोडा.

आता पुन्हा वर या. दगडातून मुरुमात, मुरुमातून मातीत, मातीतून फरशीवर. चुलीपाशी.

झाकणाकडे पाहा. वास बदलला आहे. मघाशी ओल्या कणकेचा होता. आता गुळाचा आहे, मागून सुंठ.

उचलावंसं वाटतं.

"घाई करू नगं, माय," म्हातारी म्हणते. झाकण मध्येच उघडलं तर वाफ जाते आणि कणीक चिवट होते, हे तिच्या हाताला ठाऊक आहे. पंधरा मिनिटं म्हणजे किती, ते ती घड्याळात बघत नाही. झाकणावरचे थेंब कसे ओघळतात ते बघते.

तुम्हीही बघा. एक थेंब कडेला येतो. फुगतो. घसरतो.

दुसरा येतो.

हं. आता.

झाकण स्वतःकडे नको, पलीकडे कलतं करा. वाफेचा लोट जाऊ द्या. आत घड्या फुगल्या आहेत, कातडीवर तकाकी आली आहे, पुरणाचा पिवळा आतून दिसतो आहे. बोट पाण्यात बुडवून एकीला लावा. चिकटली नाही. झाली.

ताटलीत एक घ्या. सुरी मागू नका, आज चिरायचं नाही. दोन्ही हातांनी मोडा. बोटं पोळतील, फुंकर घाला. मोडलेल्या जागी तूप सोडा आणि ते पुरणात उतरेपर्यंत थांबा.

पहिला घास तोंडात ठेवा. लगेच चावू नका.

ऊब. मग गोडी. मग घशाशी सुंठ.

गिळा. आणि दुसरा घास घ्या, भूक लागली असेल.

चाळणी अजून अर्धी भरलेली आहे. बाहेर लिंबाच्या फांदीला झोका बांधला आहे, माहेरी आलेल्या पोरी पाळीसाठी भांडताहेत. त्यांना हाक मारा. दिंडं गरम आहेत तोवर येऊ देत.