उंबऱ्यावरचं मांजर

इगतपुरीजवळ, त्रिंगलवाडीच्या किल्ल्याखाली एका वाडीत आजी आणि तिचा नातू राहत होते. घरात मनी नावाची मांजरी होती. भात झोडून कणगीत आलं की उंदरांचा सुळसुळाट व्हायचा, आणि मग मनीच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही.

एका पौषात मनी चार दिवस घरी फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली ती अंगभर कुसळं घेऊन. फाल्गुनात पेंढ्याच्या माळ्यावर तिला तीन पिल्लं झाली. दोन आईच्या वळणाची. तिसऱ्याचे पाय लांब, शेपटी आखूड, आणि कानांच्या टोकांना काळे केस, काजळाचं बोट टेकवल्यासारखे.

“याचा बाप बांधावरचा दिसतोय,” आजी म्हणाली.

बांधावरचा म्हणजे रानमांजर. ओढ्याकाठच्या गवतात, शेताच्या कडेला राहणारा हा प्राणी मुख्यतः उंदरांवर जगतो. शेतकऱ्याचा असा बिनपगारी राखणदार दुसरा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिलं आहे. त्याला पकडता येत नाही, पाळता येत नाही. पण हे पिल्लू तर घरातच जन्मलं होतं. नातवाने त्याचं नाव ठेवलं काजळ्या.

दोन महिने काजळ्या गोड होता. मग एक दिवस नातवाने त्याच्यापुढे दुधाची वाटी सरकवली आणि हात तसाच वाटीवर राहिला. काजळ्याने कान मागे पाडले. घशातून असा आवाज काढला की नातवाने हात मागे घेतला. मनगटावर तीन रेघा उमटल्या होत्या. आजीने हात नळाखाली धरून साबणाने बराच वेळ धुतला आणि त्याच दिवशी नातवाला सुई टोचून आणली. पावसाळ्यात काजळ्याने खुराड्यातल्या दोन कोंबड्या मारल्या. भिंतींच्या कोपऱ्यांवर उग्र वासाचे फवारे मारू लागला.

दिवाळीला कल्याणहून काका आला. काजळ्याला बघून तो हरखला. “आई, अगं अशा मांजरांना लोक हजारो रुपये मोजतात! अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी 1963 मध्ये ठिपक्यांचं एक जंगली मांजर आणि घरचं मांजर यांचा संकर केला. पुढे त्यांच्या अशाच कामातून बेंगाल जात निघाली. मी याला घेऊन जातो.”

काकाने ऐकलं होतं ते खरं होतं, पण अर्धंच. त्या जातीतसुद्धा रानापासून निदान चौथ्या पिढीचं मांजर घरात ठेवण्याजोगं धरतात. तोवर माणसं पिढ्यान् पिढ्या शांत स्वभावाची पिल्लं निवडत राहतात. काजळ्या पहिल्याच पिढीचा होता. त्याच्यात आणि बांधात फक्त एक बाप होता.

नातू रडला, पण काकाने काजळ्याला डालग्यात घातला आणि गाडीने कसारा घाट उतरवून कल्याणला नेला. काकाच्या घराच्या गॅलरीला जाळी होती. काजळ्या दिवसभर कपाटामागे बसायचा आणि रात्रभर जाळीशी येरझाऱ्या घालायचा. गाद्यांवर मुतायचा. शेजारी तक्रार करू लागले. दीड महिन्याने काका त्याला परत घेऊन आला. जाळीवर घासून घासून काजळ्याच्या नाकाचं कातडं सोललं होतं. मला या कथेतलं सगळ्यात जास्त टोचतं ते हे नाक. त्याला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. काकाचा खरोखर जीव होता त्याच्यावर.

“आजी, याला रानात सोडू या ना?” नातवाने विचारलं.

“हा माणसाला भीत नाही रे. कुणाच्याही खुराड्यात शिरेल आणि काठी खाईल. नाहीतर रानमांजरांत मिसळेल आणि पुढची पिल्लं अशीच होतील, ना घरची ना रानची. याच्याकडून काही चुकलेलं नाही, पोरा. मनीचं ऑपरेशन मी वेळेत केलं असतं तर याच्या वाट्याला हे आलंच नसतं.”

दुसऱ्याच आठवड्यात आजीने मनी आणि काजळ्या दोघांना जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, ऑपरेशन करून घेतलं, लसी टोचल्या. कोंबड्यांच्या खुराड्याला पक्कं दार लावलं. काजळ्यासाठी कणगीची खोली मोकळी ठेवली. रात्री तो उंदीर मारायचा, दिवसा उंबऱ्यावर बसायचा. आत तोंड करून थोडा वेळ, बाहेर तोंड करून थोडा वेळ. नातू आता त्याला उचलून घेत नसे. लांबून बोलायचा.

पुन्हा फाल्गुन आला. गहू कापताना नातवाच्या विळ्यापुढे गव्हाच्या बुंध्यांत काहीतरी हललं. रानमांजराची तीन पिल्लं होती, डोळे नुकतेच उघडलेले.

“घे की एक,” शेजारच्या पातीवरचा गडी म्हणाला, “अस्सल आहे.”

नातू खाली वाकला. पिल्लाच्या कानाला काळं टोक होतं. त्याचा हात पुढे गेला आणि थांबला.

त्याला 2020 चा ऑगस्ट आठवला. तो तेव्हा लहान होता. इगतपुरी भागातल्याच एका झोपडीत बिबट्याच्या मादीने चार पिल्लं घातली होती. वनखात्याने तिला हुसकावलं नाही की पिल्लं उचलली नाहीत. लांबून पहारा ठेवला. आईने आपली पिल्लं तोंडात धरून आपली आपण हलवली.

“दादा, एवढी पात आज राहू दे,” नातू म्हणाला. “सगळे मागे सरका. कुत्रं बांधून ठेवा.”

खाटेएवढा गहू उभा राहिला. अंधार पडल्यावर नातू पडवीत बसला. शेताकडून एकदा बारीक आवाज आला. उंबऱ्यावर काजळ्याचे कान ताठ झाले. तो उठला, दोन पावलं अंगणात गेला, थांबला आणि परत येऊन बसला.

सकाळी नातू शेतात गेला. गव्हात वाटीएवढी जागा दबलेली होती, रिकामी. त्याने तिथे तळवा टेकवून पाहिला. मग विळा उचलला आणि राहिलेली पात कापायला घेतली.