गोणपाटातला खांब

वैशाखातल्या भर दुपारी पुण्याच्या खराडीतल्या कुठल्याही चालू बांधकामापाशी थांबून वर पाहा. नुकत्याच ओतलेल्या खांबांना ओलं गोणपाट गुंडाळलेलं दिसेल. स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी कोंडलेलं असतं, आणि कुणीतरी पाइप घेऊन पुन्हा पुन्हा पाणी मारून जातं. काँक्रीटला तडे जाऊ नयेत म्हणून ही सगळी सरबराई. समोर ईऑन आयटी पार्कच्या काचांआड हजारो माणसं गारव्यात काम करत असतात.

एसी येण्यापूर्वी माणसं उन्हाळा कशी काढत, याचं निम्मं उत्तर त्या गोणपाटात आहे. माठ, वाळ्याचे ओले पडदे, शेणाने सारवलेली जमीन, तिन्हीसांजेचा अंगणातला सडा, डोक्यावरचं भिजवलेलं उपरणं, या सगळ्यांत युक्ती एकच: पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून नेतं. आपला घामही तेच करतो. मात्र त्यासाठी हवा कोरडी लागते. म्हणून पुण्यातल्या माठाचं पाणी दात शिवशिवेल इतकं गार होतं आणि दमट मुंबईत तोच माठ निम्म्यावर हार मानतो. कोकणातल्या घराने मग पाण्याचा नाद सोडून पडवी, उतरतं छप्पर आणि आरपार वारा यांवर भिस्त ठेवली. मराठवाड्यात माळवदाच्या जाड मातीने दिवसभर ऊन अडवलं आणि रात्री माणसं त्याच माळवदावर अंथरूण टाकून झोपली. पुण्याच्या वाड्यात चौक होता, जाड भिंती होत्या आणि त्यांच्या पोटात अंधारं, थंड माजघर होतं.

इथवर आलं की वाळा, पन्हं, कैरीची डाळ अशी यादी सुरू होते आणि लेख आपोआप गोड होतो. मला ती यादी अपुरी वाटते. जुन्या माणसांचं खरं हत्यार वस्तू नव्हती, वेळ होती. बैल पहाटे जुंपायचे आणि ऊन चढताच सोडायचे. दुपारी झाडाखाली आडवं होणं हा आळस नव्हता, रीत होती. देवालाही ती लागू होती: पंढरपूरला विठ्ठलाला चंदनउटी, महादेवाच्या पिंडीवर गळती. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान द्यायचा, म्हणजे दुसऱ्याची तहान पंचांगातच लिहून ठेवलेली. गोऱ्या साहेबानेही ऊन असंच टाळलं, फक्त ऐपतीप्रमाणे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात सगळा कारभार उचलून महाबळेश्वरला जाई.

पण ही रीत सगळ्यांच्या वाट्याला आली नाही. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढणारा गडी त्याच उकाड्यात बसलेला असे. माठातलं पाणी कुणा बाईच्या डोक्यावरून आलेलं असे. आणि पाणी असूनही ते घेता न येणारी माणसं होतीच. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही घटना आपण समाजसुधारणेच्या धड्यात वाचतो. पुण्याच्या उन्हाळ्याच्या इतिहासातही ती मोजली पाहिजे.

‘पूर्वी असं ऊन नव्हतं हो’ हे वाक्य मी दर एप्रिलमध्ये ऐकतो. पुण्यात ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंशांची नोंद आहे. २८ एप्रिल २०१९ ला पारा ४३ वर होता. ते १८९७ साल प्लेगचं. प्लेग अधिकारी रँडच्या तपासणीत त्या काळात माणसांना घरांतून काढून छावण्यांत नेलं जात होतं. गार माजघरं जागेवरच होती, फक्त त्यातली कित्येक माणसं तिथे नव्हती.

आज दिवसापेक्षा रात्र जास्त बिघडली आहे. दख्खनची कोरडी हवा सूर्य मावळला की निवते, आणि दिवसभर तापलेलं शरीर त्या चार-सहा तासांत सावरतं. मुळा-मुठेच्या काठचं खराडी गाव १९९७ मध्ये महापालिकेत आलं, पुढे शेतांच्या जागी काँक्रीट, डांबर आणि काच उभी राहिली. हे सगळं दिवसा ऊन पितं आणि रात्री ओकतं. त्यात एसी आतली उष्णता बाहेर फेकतो. ज्याच्याकडे तो नाही त्याच्या खिडकीत ती जाते. शहराच्या पूर्वेकडच्या हवामान केंद्रांवर रात्रीचं किमान तापमान शिवाजीनगरपेक्षा जास्त नोंदलं जातं, त्यात आश्चर्य कसलं?

आणि दुपारची रीतही आपण विसरलो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला आणि उष्माघाताने १४ माणसं गेली. एसीचा शोध लागण्याआधीच्या कुठल्याही गावाने भर दुपारी उन्हात माणसं बसवली नसती, असं म्हणावंसं वाटतं. खरं तर वेठबिगारांना बसवलंच असतं.

गंमत अशी की विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी एसीचं जे यंत्र आखलं, ते माणसांसाठी नव्हतंच. दमट हवेने कागद फुगत होता आणि रंगांची छपाई हलत होती. आधी कागदाची सोय झाली, माणसांची पाळी नंतर आली.

खराडीत आपण अजून तिथेच आहोत. उन्हाळ्यात काँक्रीट कसं सांभाळावं याची भारतीय मानक संहिता १९७५ पासून आहे. ते ओतणाऱ्या माणसासाठी उष्णता कृती आराखड्यांत आहे तो सल्ला. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे घर बुक करायला गेलात की बिल्डरला फ्लॅटचा कार्पेट एरिया विचारता, ताबा कधी ते विचारता. तुमच्या साइटवर दुपारी काम किती वाजता थांबतं, हेही एकदा विचारा.