श्वास घेतला होता का?



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची बातमी असते: नाल्यात नवजात अर्भक मृतावस्थेत आढळले, अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा दाखल. चहाचा कप खाली ठेवण्याआधीच आपण निकाल देऊन मोकळे होतो, "आई की कैदाशीण!"

शवविच्छेदन करणारा डॉक्टर इतकी घाई करत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, बाळ जिवंत जन्मले होते का? कारण मृत जन्मलेल्याचा खून होऊ शकत नाही. तो फुफ्फुसाचा तुकडा पाण्यात टाकतो. श्वास घेतला असेल तर तुकडा तरंगतो, नसेल तर बुडतो. सतराव्या शतकापासून युरोपातील न्यायालयांत ही परीक्षा चालत आली. पण ती फसवी आहे. शरीर कुजू लागले की मृत जन्मलेल्याचेही फुफ्फुस तरंगते. कोणी तोंडाने हवा फुंकून बाळाला वाचवू पाहिले असेल, तरीही ते तरंगू शकते. म्हणजे वाचवण्याची धडपडच आईविरुद्ध पुरावा ठरू शकते! उलट, जेमतेम श्वास घेतलेल्या बाळाचे फुफ्फुस बुडू शकते. म्हणून फुफ्फुसातील वायुकोश उघडले होते का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पोटात दूध शोधतात, नाळेच्या बुडाशी दाहाची खूण शोधतात. एवढे करूनही कधी कधी निश्चित सांगता येत नाही.

मग शंका उरली तर काय करावे? न्यायालय संशयाचा फायदा आरोपीला देते. ख्रिस्तसभा तो बाळाला देते: जीव आहे की नाही कळत नसेल, तर 'तू जिवंत असशील तर' अशी अट घालून बाप्तिस्मा देता येतो. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच. आपली चूक झाल्यास ज्याचे नुकसान कधीच भरून येणार नाही, त्याच्या बाजूने झुकावे. आपण मात्र संशयाचा फायदा स्वतःलाच देतो. "आमच्या घरी असले होत नाही," म्हणतो.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. तेव्हा वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवरच आगपाखड झाली. आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिले: दोष एकट्या बाईच्याच माथी का? पुरुषाचे काय? त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. विधवांनी तिथे गुपचूप यावे आणि सुखरूप बाळंत व्हावे, एवढीच अपेक्षा. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी दत्तक घेतले.

याचा अर्थ बाळाचा जीव स्वस्त आहे असा नव्हे. त्याचे मोल पहिल्या श्वासाने सुरू होत नाही, आईच्या उदरातही ते देवाचेच लेकरू असते. पण म्हणूनच 'श्वास घेतला होता का' हा प्रश्न फार उशिरा विचारलेला आहे. त्याआधीचा प्रश्न आपल्याला आहे. त्या मुलीला ठोठावता येईल असे एकतरी दार गावात होते का?

दार आहे, ते माहीत असायला हवे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, बाळ सांभाळणे शक्य नसलेले पालक जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे ते सोपवू शकतात आणि फेरविचारासाठी त्यांना दोन महिने मिळतात. १०९८ या क्रमांकावर मदत मिळते. आपल्या चर्चचे दारही रात्री-बेरात्री उघडे आहे. कोणी आले तर आम्ही आधी पाणी देऊ, प्रश्न नंतर विचारू. तुमच्या घराचे दारही तसेच असो.